जिल्हा परिषदेच्या शाळेचा जाब नेमका कुणाला विचारायचा?

वाडीवरची

नमस्कार मंडळी. मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही, कारण राहायचं गावातच आहे आणि माझी दोन्ही मुलं त्याच शाळेत जातात.

पहिली ते पाचवीची शाळा, पट साठच्या थोडा आत. मंजूर शिक्षक दोन. त्यातल्या बाई बदलीने गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यामुळे शाळा उघडल्यापासून एकटे गुरुजी पाचही वर्ग सांभाळतायत. खोल्या तीन आहेत, पण दोन खोल्यांत मुलांना बसवायची आमची हिंमत होत नाही. कौलांखालचे वासे कुजलेत, एका भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग गेली आहे. म्हणून पहिली-दुसरी व्हरांड्यात आणि बाकीचे तीन वर्ग एका खोलीत. पावसाची झड आली की सगळ्यांना त्या एका खोलीत कोंबायचं, नाहीतर शाळा सोडायची.

गुरुजी म्हणाले, प्रस्ताव पाठवलाय. केंद्रप्रमुखांकडे दुसऱ्या केंद्रांचाही कार्यभार आहे, ते म्हणाले, मी पुढे पाठवला. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात सांगितलं, खोल्यांचं बांधकाम विभाग बघतो आणि शिक्षकाचं जिल्ह्यावरून होतं. बांधकामवाले म्हणाले, पाहणी झाली आहे, मंजुरी वरून यायची आहे. सरपंच म्हणाले, इमारत जिल्हा परिषदेची, आम्हाला हात लावता येत नाही. आमदारसाहेबांच्या कार्यालयातून शिफारसपत्र मिळालं, ते फिरत फिरत परत गटशिक्षणाधिकारी कार्यालयातच आलं.

यातलं कुणी खोटं बोलतंय असं मला वाटत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागेवरून खरंच सांगतोय. पण मग खोली पडली तर उत्तर देणारा माणूस कोण?

पूर्वी निदान गटाचा झेडपी सदस्य तरी होता. मतं मागायला दारात आलेला, म्हणून त्याला वाटेत अडवता यायचं. २०१७ च्या फेब्रुवारीत निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर २०२५ मध्येही बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासकच होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्यानंतर गट-गणांच्या, म्हणजे झेडपी आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांच्या, रचनेची चर्चा सुरू झाली आणि इच्छुक मंडळी लग्नाकार्यात, दहाव्याला दिसायला लागली. त्यांना काय विचारावं, आणि तोवर आम्ही काय करावं, हे दोन्ही इथल्या जाणत्यांनी सांगावं.

---

जुना_केंद्रप्रमुख

ताई, तुम्ही ज्या समितीवर आहात तिथूनच सुरुवात करू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ चा. लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला. समितीची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, आणि आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष. कलम २२ पुढे जाऊन सांगतं की समितीचा आराखडा हाच शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या अनुदानाचा आधार राहील.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते लिहितो. अनेक गावांत पालकसभा कागदावर होते. मुख्याध्यापक पाच-सहा समंजस पालकांना बोलावतात, अध्यक्ष गावातल्या वजनदार गटाचा होतो, आणि वर्षभर सहीसाठी इतिवृत्ताची वही घरोघर फिरते. विकास आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून काढला जातो. मी नोकरीत होतो तेव्हा ढिगाने आराखडे चाळले. त्या त्या शाळेच्या छपराची अवस्था ज्यात वाचून कळेल असे फार थोडे होते.

तुमच्या आराखड्यात त्या दोन खोल्यांचा उल्लेख आहे का, हे आधी वही उघडून बघा. नसेल तर विशेष सभा लावा आणि ठराव घ्या. ठरावात "शाळेची दुरवस्था झाली आहे" असं मोघम लिहू नका. खोली क्रमांक, बांधकामाचं वर्ष, भेग कुठून कुठे, किती मुलं कुठे बसतात, कोणत्या तारखेपासून बसतात, असं लिहा.

कायद्याच्या परिशिष्टात निकष दिलेले आहेत. ६० पटापर्यंत दोन शिक्षक, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली असलेली, सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत. तुमच्याकडे एक शिक्षक आणि एक खोली आहे. दोन्ही निकष मोडलेत. ठरावात हे वाक्य असंच्या असं येऊ द्या.

---

डोंगरवाटेची_शिक्षिका

कळकळ समजते. पण असे धागे शेवटी शिक्षकावर येऊन थांबतात असा अनुभव आहे, म्हणून आधीच लिहिते.

तुमचे गुरुजी एकटे आहेत म्हणता. त्यांचा दिवस काय असतो ते बघा. पाच वर्ग, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती, आधार जुळत नसलेली नावं, प्रत्येक मुलाचा अपार ओळखक्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि मतदारयादीचं काम आलं तर तेही. कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. प्रत्यक्षात व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी निरोप येतो, "माहिती १२ वाजेपर्यंत सादर करावी". वर्गात उभं राहून फोनवर आकडे भरायचे.

पैशाचंही सांगते. समग्र शिक्षा या शासकीय योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० रुपये. त्यातले १० टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती, सगळं. तेही पूर्ण आणि वेळेवर आलं तर. वीज तोडायला माणूस येतो तेव्हा तो मुख्याध्यापकाला शोधतो, मंत्रालयाला नाही.

अधिकार कसे वर सरकतात आणि दोष कसा खाली येतो याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे २०२४-२५ चे गणवेश. आधी मुलामागे ठरलेली रक्कम समितीच्या खात्यावर यायची. समिती तालुक्याच्या बाजारातून कापड घ्यायची, नाहीतर गावातल्या शिंप्याकडून मापाने शिवून घ्यायची. मग "एक राज्य एक गणवेश" आलं. राज्याने एकगठ्ठा कापड घेतलं, एक गणवेश बचतगटांकडून शिवून यायचा आणि स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचं कापड समितीकडे देऊन शिलाईला १०० रुपये, वर १० रुपये इतर खर्चाला. त्या दरात शर्ट-पँट शिवून द्यायला आमच्याकडचा शिंपी तयार होईना. पहिली खेप आली ती कुणाला आखूड, कुणाला ढगळ. स्वातंत्र्यदिनाला कित्येक शाळांतली मुलं जुन्या गणवेशात उभी राहिली. पालक भांडायला आले ते आमच्याशी. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा समित्यांकडे दिलं. बरंच झालं. पण त्या एका वर्षाचं उत्तर कुणी दिलं? ज्या सभागृहात हा प्रश्न जिल्ह्यापुरता विचारला गेला असता ते सभागृहच बंद होतं.

जानेवारी २०२५ मध्ये पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबला. आता द्यायची असतील तर लोकसहभागातून द्या म्हणाले. ज्या पाड्यावर मूल सकाळी नुसता चहा पिऊन येतं तिथे लोकसहभाग मागायला आमच्या जिभा उचलत नाहीत.

---

शहराकडचा

मला एक कळत नाही. गावातलेच सरपंच, सोसायटीचे चेअरमन, इतकंच काय, झेडपीचे कितीतरी शिक्षक आपली मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात. मीही माझ्या मुलीला तालुक्याला घातलं. ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत त्यांना छपराची काळजी का वाटावी? आधी पट वाचवा, मग जबाबदारीचं बोला.

---

वाडीवरची

दादा, तुमच्या मुलीचं भलं होवो. पण पट का कमी होतो तेही बघा. शिक्षक नाही म्हणून पाच-सहा घरांनी मुलं काढली. पट उतरला की मंजूर पदं कमी होणार, पदं कमी झाली की आणखी मुलं जाणार. गावात मागे राहतात ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, शेतमजुरांची, भटक्यांची मुलं. त्यांच्या आया समितीच्या सभेला एक दिवसाची मजुरी बुडवून येतात. काळजी त्यांना आहे. त्यांच्या काळजीला वजन नाही, एवढंच.

---

संचमान्यता_वाचक

ताईंच्या मुद्द्याला जोडून. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले गेले तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा असल्याचा आकडा पुढे आला होता. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत अशी दोन उदाहरणं त्या वेळी दिली गेली. नंतर १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याचा, शासन निर्णय आला. त्यात सहावी ते आठवीच्या छोट्या वर्गांची शिक्षकपदं धोक्यात आली म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

दोन्ही निर्णयांवर मतभेद असू शकतात. फार छोट्या शाळेत मुलांना सोबत मिळत नाही हे मलाही पटतं. माझी हरकत वेगळी आहे. एखाद्या वाडीची शाळा हलवायची तर ओढा मध्ये आहे का, रस्त्यावर एसटी येते का, मुली पाठवतील का, हे वाडीतल्या माणसाला ठाऊक. त्याचं म्हणणं कुठल्या टप्प्यावर ऐकलं जातं ते मला कुठल्याच कागदात सापडलं नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण पंचायतींच्या विषयांत घातलं आहे. महाराष्ट्रात तर त्याच्या कितीतरी आधी, १९६१ चा कायदा करून १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे दिल्या होत्या. तेव्हा देशात आपलं नाव होतं. आज निर्णय पुण्या-मुंबईत होतात आणि जिल्हा परिषदेकडे अंमलबजावणीचं पत्र येतं.

---

माजी_पंस_सदस्य

मी एका पंचायत समितीवर निवडून गेलो होतो, त्यामुळे आतली बाजू लिहितो. निवडणुका झाल्या की सगळं सुरळीत होईल या भरवशावर राहू नका.

जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो. हे पद मिळवायला चुरस असायची आणि त्याचं कारण शिक्षणाचं प्रेम हे दर वेळी नसायचं. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या, त्याआधी बदल्यांच्या हंगामात पुढाऱ्यांच्या घरापुढे शिक्षकांच्या गाड्या लागायच्या. सोयीची शाळा मिळालेला शिक्षक पुढे निवडणुकीत कुणाचा प्रचार करणार हे उघड होतं. सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, खोली मंजूर करताना गरज कुठे आहे यापेक्षा सदस्य कुठल्या गटाचा आहे ते पाहिलं जायचं. दोन गटांच्या भांडणात एका शाळेला लागोपाठ खोल्या मिळाल्या आणि शेजारच्या गावातली मुलं झाडाखाली बसली, हे मी पाहिलेलं आहे.

तरीही सभागृह हवं, असंच माझं मत आहे. सर्वसाधारण सभेत विरोधी सदस्य उठून विचारायचा, अमुक शाळेची खोली का झाली नाही. अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं, ते इतिवृत्तात यायचं, दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात यायचं. प्रशासकाच्या काळात मुख्य कार्यकारी अधिकारी प्रस्ताव ठेवतात आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करतात. काही अधिकारी खरोखर चांगलं काम करून गेले, नाही म्हणत नाही. पण प्रश्न विचारायचा तर सही करणाऱ्यालाच विचारायचा, आणि त्याचीही दोन-तीन वर्षांत बदली.

इच्छुकांना तुम्ही "शाळेसाठी काय करणार" असं विचाराल तर "सर्व सहकार्य करू" एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: सेस फंडातला किती वाटा धोकादायक खोल्यांवर टाकायचा आग्रह धरणार? खोल्यांची यादी धोक्याच्या क्रमाने लावून ती जिल्हा परिषदेच्या फलकावर लावायला भाग पाडणार का? वर्षातून एकदा गटातल्या सगळ्या समित्यांच्या अध्यक्षांपुढे बसून हिशेब देणार का? उत्तर ग्रामसभेत, सगळ्यांसमोर घ्या.

---

बांधकाम_उपविभाग

याच खात्यात काम केलंय. ताईंची फाइल कुठे अडली असावी याचा अंदाज देतो.

जुनी खोली आपल्या मनाने पाडता येत नाही, तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ती वापरातून रीतसर बाद करावी लागते. मुख्याध्यापक आणि समितीचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मग उपअभियंत्यांची पाहणी, खोलीचं वय आणि उरलेल्या सामानाची किंमत, मग जिल्हा परिषदेची मंजुरी, मग पाडणं आणि लिलाव. नवीन खोलीचा प्रस्ताव हा वेगळा प्रवास, तो समग्र शिक्षातून किंवा जिल्हा नियोजनच्या निधीतून. लोकांना वाटतं एकच फाइल आहे. असतात दोन, आणि बऱ्याचदा दुसरी सुरूच केलेली नसते, कारण पहिली संपायची वाट पाहिली जाते. दोन्ही एकाच वेळी चालवता येतात, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात ठासून सांगा.

एक गोष्ट आजच करा. त्या दोन खोल्यांना कुलूप लावा, दारावर "धोकादायक, प्रवेश बंद" रंगवा आणि भिंतीपासून मुलांना लांब ठेवा. व्हरांडा त्याच भिंतीला लागून असेल तर तोही बंद. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळच्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून ३ मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत ७. दोन्ही वेळा पावसाचे दिवस आणि वर्ग भरलेला. अशी घटना झाली की सगळीकडे सर्वेक्षणाचे आदेश सुटतात, आम्ही रात्री जागून याद्या करतो, आणि निधी मात्र जुन्याच गतीने येतो.

---

न्यूजर्सीत_स्थायिक

तिकडचं आणि इकडचं एका पारड्यात घालायचं नाही, पण एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

इथे शाळांचा कारभार नगरपालिकेपासून वेगळा असतो. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास शाळा-जिल्हे आहेत. बहुतेक ठिकाणी ९ जणांचं लोकनियुक्त बोर्ड, मुदत ३ वर्षं, मानधन नाही. अधीक्षकाची, म्हणजे शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याची, नेमणूक बोर्ड करतं. १९७५ च्या कायद्याने बोर्डाच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत, विषयपत्रिका आधी मिळते, आणि पालकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. घरपट्टीच्या बिलावर शाळेचा वाटा वेगळा छापलेला असतो, त्यामुळे ज्याला मुलं नाहीत तोही हिशेब विचारतो. आमच्या गावच्या बोर्डावर आता भारतीय, त्यात मराठीही, नावं दिसतात. आधी मंडळाच्या गणपतीत दिसणारी माणसं आता अंदाजपत्रकाच्या बैठकीला जाऊन बसतात.

पण इथेही प्रशासक आले होते. नेवार्क शहराच्या शाळा राज्याने १९९५ मध्ये ताब्यात घेतल्या. कारण दिलं ते गैरकारभाराचं आणि निकालांचं. लोकनियुक्त बोर्ड नुसतं सल्ला देण्यापुरतं उरलं आणि पूर्ण अधिकार परत यायला २०१८ उजाडलं. तेवीस वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या मुलांच्या आईबापांना आपल्या शाळेचा अधीक्षक निवडण्यात काहीच आवाज नव्हता. म्हणून तुमच्याकडची २०२२ पासूनची वर्षं "तात्पुरती व्यवस्था" म्हणून सोडून देऊ नका.

---

डोंगरवाटेची_शिक्षिका

बैठकीत पालकांना बोलायचा वेळ, ही गोष्ट आवडली. आपल्याकडे ग्रामसभेत शाळेचा विषय येतो तो बहुतेक "शिक्षक मुख्यालयी राहतात" असा ठराव घरभाडे भत्त्यासाठी हवा असतो तेव्हा. त्या ठरावावरून गाव आणि शिक्षक दोघंही एकमेकांपुढे अवघडून बसतात. त्यापेक्षा प्रत्येक ग्रामसभेत समितीच्या अध्यक्षाने शाळेचा अहवाल वाचावा, आम्ही तिथे बसू आणि विचाराल त्याची उत्तरं देऊ. माझ्यासारख्या बहुतेकांना ते चालेल.

---

वाडीवरची

सगळ्यांचे आभार. खोल्यांना कुलूप लावलं, व्हरांड्यातल्या मुलांना देवळाच्या सभामंडपात हलवलंय. सरपंच तयार झाले, वीज ग्रामपंचायत देणार आहे. बांधकामवाल्या दादांनी सांगितलं तसंच निघालं. निर्लेखनाची फाइल चालू होती, नवीन खोलीचा प्रस्ताव कुणी दिलेलाच नव्हता. समितीची विशेष सभा झाली, ठराव खोली क्रमांकांसकट घेतला. ऊसतोडीच्या कुटुंबातल्या एका सदस्य ताईंनी तो वाचून दाखवला, त्यांचं चौथीपर्यंतचं शिक्षण याच शाळेत झालंय.

इच्छुकांपैकी दोघांना सभेचं निमंत्रण देतोय, प्रश्न माजी सदस्यांनी दिलेलेच.

आता एकच अडचण. कार्यालयात ठराव दिला की तो "पुढील कार्यवाहीस्तव" वर जातो आणि पुन्हा तेच चक्र. त्याला मुदतीचं काही बंधन घालता येतं का?

---

जुना_केंद्रप्रमुख

येतं. कलम ३२ खाली लेखी तक्रार करा. बालकाच्या हक्काबाबत कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे, तक्रार करू शकतं आणि दोन्ही बाजूंना ऐकून तिने ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

अर्ज मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे लिहा, विषयातच "कलम ३२ अन्वये तक्रार" असं येऊ द्या, नाहीतर तो साधा विनंतीअर्ज म्हणून फाइलला लागतो. शिक्षकाची मागणी आणि खोल्यांची मागणी असे दोन वेगळे अर्ज करा, कारण दोन्हींची टेबलं वेगळी आहेत. सोबत ठरावाची प्रत, खोल्यांचे तारखेचे फोटो, हजेरीपटाची गोषवारा प्रत.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही द्या, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात "काम कधी होणार" असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. निर्लेखनाच्या फाइलमधल्या सर्व टिपण्यांच्या आणि आवक-जावक नोंदींच्या प्रती मागा. कागद कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता ते त्यात तारखांसह दिसेल, आणि सुनावणीत तेच तुमच्या हाती असेल.

पोच घेताना नुसता शिक्का घेऊ नका. आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, ३ महिने तिथून मोजायचे.